बिनकल्हईची चरवी

कुंभकोणम्
१७ ऑगस्ट १९३६

चि. सौ. अलमेलूस,

आशीर्वाद. हे पत्र जावईबापू जानकीरामांच्या नावाने न धाडता सरळ तुझ्या नावाने धाडतो आहे. फोडायचं की चुलीत घालायचं ते तुझं तू बघ. साडेतीन वर्षांत मी तुला एक अक्षर लिहिलं नाही, तूही मला लिहिलं नाहीस, तेव्हा त्यावरून कोणी कोणाला बोलायला नको. मी पत्रात पुस्तकी मराठी लिहितो म्हणून तू लहानपणी हसायचीस. आता या वयात दुसरी कुठली शिकू?

कळवायचं ते एवढंच, की तुझा बाप अठ्ठावन्नाव्या वर्षी पुन्हा शाळेत जाऊन आला. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या जुन्या डॉक्टरांना मद्रासला बोलावून सहा आठवडे नवं काय ते शिकवायचं, अशी एक योजना निघाली आहे. यंदाचा विषय पोट, आतडी आणि लिव्हर. आम्ही चौदा म्हातारे होतो. बाकावर बसलं की गुडघे हनुवटीला लागायचे. शेजारी तिरुनेलवेलीचे एक जण होते. खोलीत काळोख करून भिंतीवर चित्रं दाखवायला लागले की ते पाच मिनिटांत घोरू लागत आणि मी त्यांना कोपर मारत असे. खाणावळीच्या जेवणाने चौदांपैकी नऊ जणांची पोटं बिघडली, त्यामुळे उदाहरणांना तोटा नव्हता.

शिकवायला डॉक्टर कृष्णमूर्ति. मी कुंभकोणम्ला दवाखान्याची पाटी लावली त्या वर्षी हे गृहस्थ बहुधा रांगत असतील. पहिल्याच दिवशी त्यांनी एकेकाला उभं करून विचारलं, लिव्हरवरचं शेवटचं पुस्तक कधी वाचलंत? मी म्हटलं, एकोणीसशे एक साली, परीक्षेसाठी. वर्ग हसला. ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

लहान मुलांच्या लिव्हरवर आठ दिवस होते. वर्ष-दीड वर्षाचं मूल, चिडचिड करतं, पोट वाढत जातं, मग कावीळ, मग पोटात पाणी. आपल्या तंजावर-कुंभकोणम्कडच्या घरांत जास्त, आणि एकाच घरात दोन दोन, तीन तीन. मी सगळं वहीत उतरवून घेतलं आहे. त्याबद्दल इथे काही लिहीत नाही.

भवानीला आता सहा महिने झाले असतील. तिचं बारसं मी जानकीरामांच्या कार्डावर पाहिलं. सुंदरेश असता तर पुढच्या महिन्यात पाच पुरे झाले असते. त्याचं नाव मी काढू नये असं तुला वाटत असेल, पण मी आजोबा आहे त्याचा, आणि ते नाव माझ्या तोंडात रोज येतं.

तब्येतीला जप.

अप्पा

ता. क. बारशाच्या कार्डात जानकीरामांनी लिहिलं होतं, की या खेपेला मुलीला आईचं दूध द्यायचं नाही असं त्यांच्या मातोश्रींनी ठरवलं आहे, आणि सुंदरेशच्या वेळची पितळेची चरवी घरात आहेच, तेव्हा दुधाला नवी पाठवू नये. ती चरवी वापरात आहे का? सहज विचारतो.


कुंभकोणम्
३० सप्टेंबर १९३६

चि. सौ. अलमेलूस,

आशीर्वाद. जानकीरामांचं कार्ड आलं. पत्र पोचलं, सर्व क्षेम, 'तिने फोडले किंवा कसे ते सांगता येत नाही.' तालुका कचेरीत बसून बसून माणूस बायकोबद्दलही असं लिहायला लागतो. चरवीचं उत्तर त्यांनी दिलं नाही.

मद्रासहून निघताना कृष्णमूर्तींनी आम्हा प्रत्येकाच्या हातात एक कोरी वही दिली. म्हणाले, या मुलांच्या रोगाचं कारण आम्हाला माहीत नाही, तुम्हीही माहीत असल्यासारखं वागू नका. गावी जा, ज्या घरात असं मूल गेलं त्या घरी बसा, आणि जन्मापासून काय काय झालं ते विचारून लिहा. शेजारच्या, ज्या घरातली मुलं जगली, त्या घरीही तेच प्रश्न विचारा. पस्तीस वर्षं मी या गावाला सांगत आलो. विचारलं असं कधी नव्हतं.

प्रश्न त्यांनीच लिहून दिले आहेत. मूल कितवं, अंगावर किती महिने पीत होतं, वरचं दूध कधी सुरू झालं, कोणी सांगितलं म्हणून. शेवटचा प्रश्न आहे, शेवटच्या दिवसांत मूल काय मागत होतं? हा कशाला घातला ते मला कळलं नाही. लोक मात्र त्याच प्रश्नाला रडतात.

पहिल्या आठवड्यात मी एकटाच हिंडलो. ओटीवर पानाचं तबक येतं, घरचे यजमान बसतात, आणि मुलाच्या दुधाबद्दल विचारलं की आढ्याकडे बघतात. त्यांना काय ठाऊक? मला तरी माझ्या घरात काय ठाऊक होतं? स्वयंपाकघरात कोणी मला घेणार नाही, म्हणून सुब्बलक्ष्मीला बरोबर घ्यायला लागलो. आपल्या दवाखान्याची सुईण, सुंदरेश तिच्याच हातावर जन्मला, तिची ओळख तुला कशाला द्यायची. ती सरळ आत जाते, चुलीपाशी बसते, आणि अर्ध्या तासात जे घेऊन येते ते मला ओटीवर चार दिवस बसून मिळालं नसतं.

गेल्या पंधरवड्यात चोळपुरम्ला गेलो होतो. तीन मुलं गेलेलं घर. परत येताना बैलगाडीत सुब्बलक्ष्मी म्हणाली, "ताक मातर दगडी भांड्यांत ठेवतात. कां म्हणून विचारलें, तर पितळेंत कळकतें म्हणतात. मग दूध दिवसभर त्याच पितळेंत कसें ठेवतात कीं?"

मी म्हटलं, ताक आंबट असतं, दूध आंबट नसतं, म्हणून दूध कळकत नाही.

"कळकत नाहीं म्हणून कोणें पाहिलें?"

कोणी पाहिलेलं नाही. पितळेत कळकलेलं ताक हिरवं होतं, जिभेला कळतं, आपण टाकून देतो. दुधाचं काही कळत नाही आणि आपण ते बोंडल्याने मुलाच्या घशात सोडतो. मी तेव्हा हसून वेळ मारून नेली. दोन दिवसांनी वहीत माझ्या हाताने एक जादा रकाना आखला: दूध तापवायचं आणि ठेवायचं भांडं कशाचं? आतून कल्हई आहे का?

आता ऐक. भवानीचं दूध मातीच्या मडक्यात तापव आणि मडक्यातच ठेव. चरवी वापरू नकोस, खरं तर नदीत टाकून दे. कारण विचारू नकोस. कारण मलाच अजून पुरतं ठाऊक नाही.

उत्तर धाड. एक ओळ पुरे.

अप्पा


कुंभकोणम्
८ नोव्हेंबर १९३६

चि. सौ. अलमेलूस,

सुब्बलक्ष्मीने मला आठ दिवस दिले आहेत, त्यातला आज सातवा. मी तिला म्हटलं होतं, तू पापनाशम्ला जाऊन अलमेलूला सांगून ये. ती म्हणाली, "सांगायचें तुमचें. मी कां सांगूं? आठ दिवस बघतें. तुम्हीं लिहिलें नाहींत तर मग मी जाणारच, मातर सगळें सांगणार." सगळं सांगणार म्हणजे काय ते मला समजलं. तुलाही आता समजेल.

मूल गेलेली तेवीस घरं झाली. त्यातल्या एकोणीस घरांत दूध बिनकल्हईच्या पितळेत तापत होतं, तिथेच दिवसभर राहत होतं. शेजारची, मुलं जगलेली तेवीस घरं पाहिली, त्यात तशी पाच. बाकी कुठे कल्हई, कुठे मडकं, कुठे मूल दोन वर्षं आईच्याच अंगावर. मी हे सगळं मद्रासला कळवलं. कृष्णमूर्तींचं उत्तर आलं, की एका गावच्या एवढ्या घरांवरून काहीच सिद्ध होत नाही, शपथेवर मी हे कुठे सांगणार नाही. टाइप केलेल्या पत्राखाली हाताने लिहिलं आहे, 'माझ्या बहिणीला मात्र आजच मडकं घ्यायला सांगतो आहे.'

इथवर लिहिणं सोपं होतं.

सुब्बलक्ष्मी प्रत्येक घरात विचारायची, कल्हई का नाही म्हणून. कोणी म्हणालं सोवळ्याच्या भांड्याला कल्हईवाल्याचा हात नको, कोणी म्हणालं राहून गेली. सहा घरांनी सांगितलं, डॉक्टर चंद्रमौली रावांनी बंद करायला लावली.

ते खरं आहे. सात वर्षांपूर्वी वाचनालयात मी भाषण केलं होतं, तूच मला उपरणं काढून दिलं होतंस. कल्हईवाले कथलात शिसं मिसळतात आणि शिसं विष आहे, असं मी जुन्या पुस्तकात वाचलं होतं. शिसं विष आहे हे खोटं नव्हे. पण चांगल्या कथलाची कल्हई करून घ्या म्हणायच्याऐवजी मी म्हटलं, कल्हईच नको, भांडी आतून चिंचेने लखलखीत घासा. टाळ्या पडल्या. मला टाळ्या आवडतात हे तुला ठाऊक आहे. तुझ्या लग्नातली भांडी मी कल्हईशिवाय दिली. सुंदरेशच्या बारशाची चरवी मी स्वतः भांड्यांच्या दुकानात बसून निवडली, टिंबाटिंबांनी त्याचं नाव कोरून घेतलं, आणि तुला बजावलं की हिला कधी कल्हई लावायची नाही. तू रोज चिंचेने घासायचीस. माझं इतकं ऐकणारं त्या सबंध गावात दुसरं कोणी नव्हतं.

आणि दूध. आठव्या महिन्यात त्याचं वजन वाढेना, तेव्हा मी तुझं दूध तोडायला सांगितलं. जड आहे म्हटलं. जड दूध म्हणजे काय हे मला आजही सांगता येणार नाही. त्यानंतरचे दहा महिने त्याच्या पोटात जे गेलं ते त्या चरवीतलं.

मग महामहमच्या यात्रेची गर्दी आली. मी यात्रेकरूंच्या छावणीत पटकीच्या बंदोबस्ताला होतो, आणि तू त्याला घेऊन कुंभकोणम्ला आलीस. "अप्पा, पोट दगडासारखें लागतें" म्हणालीस. मी जंताचं औषध दिलं, मग रेवाचिनीचा जुलाब दिला, मग पुन्हा जंताचं. महामहमचं स्नान झालं, गर्दी पांगली, आणि पोर गेलं.

तुझ्या सासूबाईंनी सगळ्यांच्या देखत मला विचारलं, डॉक्टर, कशाने गेला? मी म्हटलं, आईच्या दुधाचा दोष.

अलमेलू, मला कारण माहीत नव्हतं. माहीत नाही म्हणायची लाज वाटली. समोर जे सापडलं त्यावर बोट ठेवलं, आणि समोर तू होतीस. तुझ्या दुधात काहीही दोष नव्हता. हे मी मद्रासला शिकलो असं नव्हे, हे मला त्या दिवशीही ठाऊक होतं. चार दिवसांनी तू म्हणालीस, माझ्या उंबऱ्यात येऊ नका. मी रागावलो. बापाला असं बोलते म्हणून गावभर रागावून हिंडलो.

मी चुकलो. माझं चुकलं. दोनदा लिहिलं कारण एकदा लिहून हात थांबला नाही.

गेल्या मंगळवारी पापनाशम्ला उतरलो होतो. फलाटावर चिंचेखाली बसलो, तुमच्या रस्त्याकडे पाहिलं, आणि परतीच्या गाडीने आलो. तू हाकलून देशील याची भीती नव्हती. तू पाणी देशील आणि मला बोलता येणार नाही, याची भीती होती.

आता माझ्या अपराधाचं राहू दे. भवानी नऊ महिन्यांची आहे. तुझं दूध अजून येत असेल तर तिला अंगावर घे. सासूबाईंना माझं हे पत्र दाखव, वाटल्यास चार माणसांत मोठ्याने वाच. दूध आटलं असेल तर मडकं, नवं मडकं, आणि त्या चरवीला हात लावू नकोस. तिची चिडचिड होते का? पोट कसं आहे? मी पहिल्या पत्रात सहज विचारतो असं लिहिलं. सहज नव्हतं. ऑगस्टातच हे सगळं लिहिलं असतं तर तीन महिने वाचले असते. तेव्हा माझी खात्री नव्हती हे खरं, आणि मला सांगायचं नव्हतं हे जास्त खरं.

अप्पा


पापनाशम्
१९ नोव्हेंबर १९३६

अप्पांस नमस्कार.

तुमचीं तिन्ही पत्रें वाचलीं. आलीं त्या त्या दिवशींच वाचलीं. पहिल्याला उत्तर दिलें नाहीं, कारण त्यांत तुम्ही बाकावर कसे बसलांत तें होतें आणि माझें कांहींच नव्हतें. दुसऱ्यांत कारण विचारूं नकोस म्हणून लिहिलेंत. तें तर मी लहानपणापासून ऐकतें. तिसरें दोनदां वाचलें.

भवानीला पहिल्या दिवसापासून माझेंच दूध. सासूबाईंनीं नको म्हणून सांगितलें तेव्हां होय म्हटलें, आणि दार लावून पाजलें. यांना ठाऊक होतें. कार्ड लिहितांना त्या शेजारीं बसल्या होत्या म्हणून यांनीं तुम्हांला तसें लिहिलें. आतां त्यांनाही कळलें आहे. पोर गुटगुटीत पाहून कांहीं बोलत नाहींत. मी हें शास्त्र वाचून केलें नाहीं. एकदां तुमचें ऐकलें होतें, म्हणून या खेपेला ऐकलें नाहीं. एवढेंच.

चरवी माळ्यावर आहे. सुंदरेश गेला त्या दिवसापासून तिच्यांत दूध घातलें नाहीं. त्याची कुंची आणि करगोटा आंत ठेवला आहे. नदींत टाकून दे म्हणून लिहिलेंत. टाकणार नाहीं. तिच्यावर त्याचें नांव आहे.

पुढें वरचें दूध लागेल तेव्हांसाठीं मडकें आणलें आहे.

साडेतीन वर्षें मी रोज रात्रीं विचार केला, माझ्या अंगांत असें काय विष असेल म्हणून. भवानीला पहिल्यांदा जवळ घेतलें तेव्हां मनांत एकच. पाजूं कीं नको, पाजूं कीं नको. तें तुम्हांला ठाऊक असावें म्हणून लिहितें.

तुम्ही शिकून आलांत म्हणतां. पुढल्या गुरुवारीं या आणि भवानीचें पोट पाहून जा. औषध आणूं नका. दुसरें कांहीं बोलायचें नाहीं. आणि अप्पा, मी कांहीं विचारलें तर जें असेल तें सांगा.

अलमेलू


कुंभकोणम्
२७ नोव्हेंबर १९३६

चि. सौ. अलमेलूस,

आशीर्वाद. काल तुझ्या घरी जे झालं ते तू पाहिलंसच, तरी लिहितो आहे, कारण त्यातलं एक मी सांगितलं तसं नव्हतं.

तू ओसरीवर चटई घातलीस आणि भवानीला तीवर निजवलंस. तिचं कपाळ तुझ्या आईसारखं आहे. हे मला बोलायचं होतं, पण बोलायचं नाही असं ठरलं होतं. मी तळहात एकमेकांवर घासून गरम केले. कृष्णमूर्तींनी हे आम्हाला चौदा जणांना मुलांसारखं करायला लावलं होतं, कारण गार हात लागला की मूल पोट आवळून घेतं. मग उजव्या बाजूला, कमरेच्या हाडापासून बोटं ठेवली, आणि तिच्या एकेका श्वासाबरोबर बोटभर, बोटभर वर सरकत गेलो. बरगडीच्या जवळ आल्यावर कड लागली. मऊ, बोटभर खाली, या वयाच्या निरोगी मुलाची असते तशी. मी पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदाही पाहिलं, ते गरज होती म्हणून नव्हे. ती माझ्या घड्याळाची साखळी ओढत होती आणि मला हात काढावासा वाटेना.

"चांगलं आहे," मी म्हटलं.

तू सगळा वेळ माझ्या हाताकडे बघत होतीस. मग विचारलंस, "अप्पा, त्याचेंही पोट असेंच पाहिलें होतेंत? खालून वर?"

मी म्हटलं, होय.

तू बरं म्हणालीस आणि तिला उचलून आत गेलीस. जानकीरामांनी कॉफी दिली, हवापाण्याचं बोलले, स्टेशनवर सोडायला आले. भला माणूस आहे. सुंदरपेरुमाळ कोयिल स्टेशन येईपर्यंत मी खुशीत होतो. काम झालं, मुलगी चांगली आहे, तू दारात उभं केलंस. आणि गाडी तिथे थांबली असताना एकदम लक्षात आलं, की तेव्हा सुंदरेश तुझ्या मांडीवर असायचा. दर वेळी. माझा हात कुठे होता ते माझ्याहून तुला जास्त ठाऊक. तुला विचारायची गरजच नव्हती. मी काय सांगतो ते तुला बघायचं होतं.

मी खोटं बोललो, अलमेलू. जे असेल ते सांगा एवढं एकच तू मागितलं होतंस, आणि तुझ्या ओसरीवर बसून, तुझ्या मुलीच्या पोटावर हात ठेवून, मी खोटं बोललो.

जे होतं ते असं. मी खालून वर कधीच पाहिलं नाही. एकोणीसशे एकपासून मी बरगडीच्या खाली हात टेकायचो, दाबायचो आणि उचलायचो. सुंदरेशचंही तसंच पाहिलं, छावणीतून धावत येऊन, चपला पायात असताना. त्याची लिव्हर एवढी वाढली होती की माझी बोटं तिच्यावरच होती, आणि तिची कड पार खाली, बेंबीच्या रेषेला. मला सगळं पोट एकसारखं कडक लागलं. मी म्हटलं वायू आहे, जंत आहेत. मद्रासला कृष्णमूर्ति फळ्यावर पोट काढून म्हणाले, खालून सुरुवात करा, नाहीतर जितकी मोठी लिव्हर तितकी हमखास चुकते. बाकीच्यांनी वहीत लिहून घेतलं. मी बाहेर जाऊन इस्पितळाच्या व्हरांड्यात उभा राहिलो. तिरुनेलवेलीचे मागून आले, शेजारी उभे राहिले. त्यांना मी घोरणारे म्हणून हसलो होतो.

कळलं असतं तर तो वाचला असता का, हे तू विचारशील. माहीत नाही. या वेळी खरंच माहीत नाही म्हणून लिहितो आहे. औषध तेव्हाही नव्हतं, आजही नाही. पण दोन महिने आधी कळलं असतं. मी त्याला जंताची औषधं पाजून जुलाब केले नसते. आणि बरं होणार नाही असं कळल्यावर कोणत्याही शहाण्या माणसाने ते मूल आईच्या अंगावर परत दिलं असतं. मी ते होऊ दिलं नाही. तो तुझ्या पदराला हात घालायचा तेव्हा त्याला उचलून न्या म्हणायचो.

हे लिहून तुला नवं दुःख देतो आहे की काय, याचा काल संध्याकाळपासून विचार केला. ठरवता आलं नाही. पण तू मागितलं होतंस.

वहीत तेविसाव्या घरानंतर मी एक पान कोरं ठेवलं होतं. आज ते भरलं. मूल पहिलं. अंगावर आठ महिने. भांडं पितळेचं, कल्हई नाही. कल्हई कोणी बंद केली, आजोबांनी. दूध कोणी तोडलं, आजोबांनी. पोट कोणी तपासलं, आजोबांनी, चुकीच्या रीतीने. मद्रासला धाडण्याआधी आईला विचारून घ्यावं असा नियम आहे, म्हणून पान सोबत जोडलं आहे. चुकलं असेल तिथे खोड.

शेवटचा रकाना भरताना तो प्रश्न कशाला घातला ते कळलं. शेवटच्या दिवसांत मूल काय मागत होतं? तिथे मी लिहिलं आहे, आईचं दूध.

तुझा
अप्पा